धंद्यात दुसरा पेन आला की वहीला कुलूप लावा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एक वाक्य बोलून गेलो, "तुमच्या धंद्यात दुसरा पेन आला, की त्या दिवशी वहीला कुलूप लावा." बारा मिनिटांच्या व्हिडिओत ते नीट उलगडून सांगता आलं नाही. म्हणून आज इथे सविस्तर लिहितोय. विषय कॉम्प्युटरचा आहे, प्रोग्रामिंगचा आहे, पण घाबरू नका. तुम्हाला प्रोग्राम लिहायचा नाहीये. तुम्हाला फक्त प्रोग्राम विकणाऱ्याला योग्य प्रश्न विचारायचे आहेत. आणि माझं स्पष्ट मत आहे की हे प्रश्न न विचारता सॉफ्टवेअर घेणं म्हणजे काटा न तपासता माल विकत घेण्यासारखं आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

एक तारीख, दोन लग्नं

नगर तालुक्यातलं एक मंगल कार्यालय. दोन भाऊ आणि एक पुतण्या मिळून चालवतात. तिघंही माझ्या क्लासला आलेले. आधी त्यांच्याकडे एक लाल वही होती, काउंटरच्या ड्रॉवरमध्ये. तारीख विचारायला कोणी आलं की वही काढायची, बघायचं, लिहायचं. मी मोठ्या उत्साहाने त्यांना म्हणालो, "अहो, कुठल्या काळात आहात? ऑनलाइन शीट करा. तिघांच्या मोबाईलवर दिसेल." शीट मीच बनवून दिली. रंग दिले, महिने पाडले. सगळे खूश.

त्या वर्षी लग्नसराई दाट होती. धाकटा भाऊ पाथर्डीच्या बाजूला एका पाहुण्यांकडे गेलेला. तिथे एक पार्टी भेटली. त्याने मोबाईलवर आधीच उघडून ठेवलेली शीट बघितली, मे महिन्यातली तारीख रिकामी. इसार म्हणून ११ हजार घेतले, नाव टाकलं. गावात रेंज नव्हती. त्याच दुपारी काउंटरवर पुतण्याने तीच तारीख दुसऱ्या पार्टीला दिली, त्यानेही नाव टाकलं, त्यानेही इसार घेतला. रात्री धाकट्याच्या मोबाईलला रेंज आली आणि त्याचं नाव पुतण्याच्या नावावर चढून बसलं. एकच रकाना, एकच नाव. कोणाला काही कळलं नाही.

कळलं ते लग्नाच्या तीन आठवडे आधी, जेव्हा दुसऱ्या पार्टीचे मामा आचाऱ्याला घेऊन जागा दाखवायला आले. पत्रिका छापून वाटून झालेल्या. तिथीला जवळपास एकही कार्यालय मोकळं नाही. शेवटी एका कॉलेजच्या मैदानावर मांडव घालून दिला, जनरेटर, पाण्याचे टँकर, सगळा खर्च या तिघांनी खिशातून केला. पैशाचं एक वेळ जाऊ द्या. मुलीचे वडील माझ्यासमोर एवढंच म्हणाले, "पैसे नकोत हो, पाहुण्यांना काय सांगू?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण लाल वहीत हे कधीच झालं नसतं. ती वही एकच होती. ज्याच्या हातात वही, त्यालाच लिहिता येत होतं. मी त्यांच्या धंद्यातलं कुलूप काढून टाकलं होतं आणि त्याला प्रगती म्हणालो होतो.

घोळ नेमका कुठे होतो

बऱ्याच जणांना वाटतं, "दोघांनी एकाच सेकंदाला बटण दाबलं तरच गडबड होते, आणि असं कितीदा होणार?" इथेच फसतो आपण. घोळ एका सेकंदाचा नसतो. घोळ असतो *बघणं* आणि *लिहिणं* यांच्या मधल्या वेळेचा.

एक साधं उदाहरण घ्या. दाळमंडईत तुमचं होलसेल दुकान आहे, दोन काउंटर आहेत. तूरडाळीची ५ पोती शिल्लक. पहिल्या काउंटरने बघितलं, ५ आहेत. गिऱ्हाइकाला ३ दिली. ५ वजा ३, शिल्लक २, असं लिहायला घेतलं. तेवढ्यात दुसऱ्या काउंटरनेही बघितलं, त्याला अजून ५ च दिसतायत. त्याने ४ विकली. ५ वजा ४, शिल्लक १. आधी पहिल्याचा आकडा लिहिला गेला, मग दुसऱ्याचा त्याच्यावर बसला. आता कॉम्प्युटर म्हणतो १ पोतं शिल्लक. प्रत्यक्षात तुम्ही ५ पोत्यांतून ७ विकलीत!

गंमत बघा, दोघांचीही वजाबाकी बरोबर आहे. दोघंही प्रामाणिक आहेत. तरीही हिशेब चुकला. आणि संध्याकाळी मालक नोकरावर संशय घेतो. मी तर म्हणेन, आपल्याकडच्या छोट्या दुकानांत 'माल कुठे गेला' म्हणून जी भांडणं होतात, त्यातली काही चोरीची नसतातच. ती या मधल्या वेळेची असतात.

रेकॉर्ड लॉक म्हणजे कॉम्प्युटरमधला इसार

यावर उपाय कॉम्प्युटरवाल्यांनी फार पूर्वी शोधलाय. त्याचं नाव रेकॉर्ड लॉक. रेकॉर्ड म्हणजे एका गोष्टीची एक नोंद. तूरडाळीची एक, १२ मे या तारखेची एक, एका गिऱ्हाइकाच्या खात्याची एक. पहिल्या काउंटरने विकायच्या इराद्याने तूरडाळीची नोंद उघडली की कॉम्प्युटर तिला कुलूप घालतो. दुसरा काउंटर आला तर त्याला सांगतो, थांब. पहिल्याचं काम झालं, शिल्लक २ झाली, कुलूप निघालं, मग दुसऱ्याला नोंद मिळते. आता त्याला ५ नाही, २ दिसतात. तो ४ विकूच शकत नाही.

लक्षात घ्या, अख्खं दुकान बंद होत नाही. फक्त तूरडाळीची नोंद बंद. त्याच वेळी मूगडाळ, हरभराडाळ खुशाल विका. आणि नुसतं *बघायला* येणाऱ्यांना अडवायची गरज नसते. दहा जण बघू शकतात, लिहिणारा मात्र एका वेळी एकच.

आपल्याला हे नवीन आहे का? अजिबात नाही. जमिनीच्या व्यवहारात आपण इसार देतो. घोडेगावच्या किंवा काष्टीच्या बैलबाजारात जोडी पसंत पडली की आधी हातावर पैसे टेकवतो. अर्थ काय? "ही जोडी आता दुसऱ्याला दाखवू नका, मी उरलेले पैसे घेऊन येतो." सौदा अजून पुरा झालेला नाही, पण माल धरून ठेवलाय. हाच लॉक.

फरक एकच. इसार हा शब्दावर चालतो. बेइमान माणूस एकाच प्लॉटवर दोघांकडून इसार घेऊ शकतो, आणि असे दावे कोर्टात वर्षानुवर्षं चालतात. कॉम्प्युटरचा लॉक शब्दावर चालत नाही, तो दुसऱ्याला लिहूच देत नाही. पण एक अट आहे. सगळ्यांनी त्याच दारातून यायला पाहिजे. सॉफ्टवेअर लॉक लावतंय आणि तुमचा भाऊ बाजूला व्हॉट्सअॅपवर वेगळं बुकिंग घेतोय, तर जगातला कुठलाही लॉक तुम्हाला वाचवणार नाही.

कमिट म्हणजे शाईची नोंद

आता दुसरी अर्धी गोष्ट. लॉकमुळे दोन माणसांची टक्कर टळते. पण मधेच लाईट गेली तर?

एक उधारीचं बिल घ्या, १२,४०० रुपयांचं. गिऱ्हाइकाने ४,००० रोख दिले, ८,४०० उधार. या एका बिलामागे कॉम्प्युटरला चार ठिकाणी लिहावं लागतं. मालाचा साठा कमी करायचा, विक्रीत १२,४०० जमा करायचे, रोकडीत ४,००० टाकायचे, गिऱ्हाइकाच्या खात्यावर ८,४०० चढवायचे. समजा पहिल्या तीन जागी लिहून झालं आणि लाईट गेली. माल गेला, विक्री दिसते, रोकड बरोबर आहे, पण गिऱ्हाइकाच्या खात्यावर उधारी नाही. ८,४०० रुपये हवेत विरले. सहा महिन्यांनी ते तुम्हाला आठवणारही नाहीत, आणि गिऱ्हाईक कशाला आठवण करून देईल?

म्हणून चांगलं सॉफ्टवेअर या चारही नोंदी एका गठ्ठ्यात बांधतं. चारही झाल्या तर शेवटी एक शिक्का मारतं, त्याला म्हणतात कमिट. एक जरी अडकली तरी चारही मागे घेतं, त्याला म्हणतात रोलबॅक. मधली अवस्था नाहीच. एक तर पूर्ण झालं, नाहीतर झालंच नाही. दुकानं, बँका, कारखान्यांसाठी आयबीएमने १९८८ साली एएस/४०० नावाची मशीन आणली, त्या घराण्यात या सोयीला 'कमिटमेंट कंट्रोल' म्हणतात. त्यात बदललेली नोंद कमिट होईपर्यंत कुलूपबंदच राहते, म्हणजे तोवर दुसरा कोणी ती बदलू शकत नाही.

याची आपली जुनी आवृत्ती तलाठ्याच्या दप्तरात आहे. जमीन विकली की थेट सातबारा बदलत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस मिळतात. मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात आणि तेव्हाच सातबारावर नाव पक्कं होतं. हाताने लिहायच्या काळात तोपर्यंत सातबारावर फेरफाराचा नंबर पेन्सिलने टाकायचे, मंजूर झाल्यावर शाईने. नामंजूर झाली तर पेन्सिल खोडली जायची, पण फेरफार वहीत ती नोंद रद्द म्हणून राहायची. पेन्सिल म्हणजे चालू काम, शाई म्हणजे कमिट, खोडरबर म्हणजे रोलबॅक. आपल्या आजोबांना हे सांगून बघा, ते तुमच्यापेक्षा लवकर समजतील.

आधी कीर्द, मग खतावणी

तुम्ही विचाराल, लाईट गेल्यावर कॉम्प्युटरला कसं कळतं की काय मागे घ्यायचं?

उत्तर आपल्या बाजारपेठेतल्या कुठल्याही जुन्या दिवाणजीला माहीत होतं. आधी कीर्द, मग खतावणी. दिवसभरातला प्रत्येक व्यवहार आधी क्रमाने किर्दीत उतरवायचा, आणि मग तिथून ज्याच्या त्याच्या खात्यात न्यायचा. खतावणीत गडबड झाली तर कीर्द उघडायची, तारखेप्रमाणे परत लावत जायचं.

डेटाबेस हेच करतो. मूळ नोंद पक्की बदलण्याआधी तो एका वेगळ्या वहीत लिहून ठेवतो की अमुक नोंद आधी अशी होती आणि आता अशी होणार आहे. त्या वहीला कोणी जर्नल म्हणतं, कोणी लॉग. मशीन परत चालू झाली की आधी ही वही वाचली जाते. ज्या गठ्ठ्यावर कमिटचा शिक्का आहे तो पुरा केला जातो, ज्यावर नाही तो जुन्या आकड्यांवर परत नेला जातो.

या सगळ्या कामाला शास्त्राचं रूप देणाऱ्यांमध्ये जिम ग्रे हे अमेरिकन संशोधक मोठे. १९७० च्या दशकात आयबीएममध्ये त्यांनी यावर पायाभूत काम केलं आणि त्यासाठी १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. आज रेल्वेचं तिकीट, एटीएम, शिर्डीच्या दर्शनाचं ऑनलाइन बुकिंग, जिथे जिथे मर्यादित जागा आणि हजारो माणसं आहेत, तिथे याच विचाराशिवाय पान हलत नाही. मग तुमच्या दुकानाने त्याशिवाय का चालायचं?

कुलूप लावून चहाला जाऊ नका

पण आता दुसरी बाजूही सांगतो. लॉक म्हणजे रामबाण नाही. चुकीचा लावला तर धंदाच अडतो.

पहिली चूक, कुलूप लावून निघून जाणं. ऑपरेटरने गिऱ्हाइकाचं खातं उघडलं, दुरुस्तीला घेतलं आणि तसंच ठेवून चहाला गेला. आता तो येईपर्यंत बाकीचे सगळे 'रेकॉर्ड वापरात आहे' हा मेसेज बघत बसलेत. म्हणून चांगल्या सिस्टीममध्ये थांबायलाही मर्यादा असते. मी सांगितलं त्या एएस/४०० घराण्यात नेहमीची मर्यादा ६० सेकंद. तेवढ्यात नोंद मोकळी झाली नाही तर प्रोग्रामला निरोप मिळतो, पुढचं तू ठरव.

धंद्यातही हेच. "तारीख धरून ठेवा, घरी विचारून सांगतो," असं म्हणणारी पार्टी आठ दिवस फिरकत नाही, आणि तुम्ही चार पार्ट्या परत पाठवलेल्या असतात. हा मुदत नसलेला लॉक. त्यामुळे नियम करा, तोंडी धरलेली तारीख २४ तासांनी आपोआप सुटेल, इसार दिला तर पक्की. पार्टीला हे आधीच सांगा, राग येत नाही कोणाला. प्रोग्रामरसाठी नियम असा की माणूस विचार करत असताना लॉक धरू नये, लिहायच्या क्षणी धरावा आणि लगेच सोडावा. काही सॉफ्टवेअर म्हणून वेगळी पद्धत वापरतात. उघडताना कुलूप नाही, पण सेव्ह करताना तपासतात की मधे कोणी ही नोंद बदलली का? बदलली असेल तर सांगतात, परत बघून घ्या. छोट्या दुकानाला ही पद्धत बऱ्याचदा पुरते. माझ्या त्या शीटमध्ये एवढं एक जरी असतं, तरी ते लग्न ठरल्या जागी लागलं असतं.

दुसरी चूक, एकमेकांची वाट बघणं. मांडव डेकोरेशनवाल्याचं उदाहरण घ्या. एका मुलाने एका पार्टीसाठी जनरेटर अडवला आणि खुर्च्या मोकळ्या व्हायची वाट बघतोय. दुसऱ्याने दुसऱ्या पार्टीसाठी खुर्च्या अडवल्यात आणि जनरेटरची वाट बघतोय. दोघंही जन्मभर थांबतील. याला डेडलॉक म्हणतात. कॉम्प्युटर अशा वेळी एकाला बळंच मागे घेतो. पण सोपा उपाय म्हणजे क्रम ठरवा. प्रत्येकाने आधी जनरेटर धरायचा, मगच खुर्च्या. क्रम एकच असला की ही गाठ पडतच नाही.

जे परत घेता येत नाही, ते शेवटी

आता मी जे सांगणार आहे ते सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. रोलबॅक फक्त आकड्यांचा होतो, मालाचा नाही.

आपला जिल्हा दुधाचा. संगमनेर, राहाता, कोपरगाव, अकोले, कुठेही पहाटे दूध संकलन केंद्रावर जाऊन उभे राहा. वजन होतं, फॅट आणि एसएनएफ लागतं, कॉम्प्युटरवर नोंद होते, पावती निघते, दूध बल्क कुलरमध्ये जातं. समजा दूध आधी कुलरमध्ये ओतलं, आणि नोंद सेव्ह व्हायच्या आत लाईट गेली. कॉम्प्युटर रोलबॅक करेल, म्हणजे त्याच्या लेखी दूध आलंच नाही. पण दूध तर सगळ्यांच्या दुधात मिसळलं! ते काही परत काढता येत नाही. आणि दहा दिवसांनी दुधाचा पगार निघतो तेव्हा त्या माउलीचं एक वेळचं दूध गायब असतं. तिच्यासाठी ते किरकोळ नसतं.

उलटंही होतं. पावती आधी छापली आणि सेव्ह नंतर अडकलं. आता शेतकऱ्याच्या हातात कागद आहे आणि कॉम्प्युटर म्हणतो, कुठलं दूध?

त्यामुळे क्रम असा ठेवा. वजन आणि नमुना, मग नोंद कमिट, मग पावती, आणि सगळ्यात शेवटी दूध कुलरमध्ये. जे परत घेता येत नाही ते शेवटी. दुकानातही तेच, बिल सेव्ह झाल्याशिवाय माल उंबऱ्याबाहेर नाही.

यूपीआयचंही असंच आहे. बँकेची वही वेगळी, तुमची वही वेगळी. दोन्हीवर मिळून एकच कमिट तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर करू शकत नाही. म्हणून कधी गिऱ्हाइकाचे पैसे कापले जातात आणि तुमच्याकडे येत नाहीत. अशा वेळी गिऱ्हाइकाशी हुज्जत घालू नका. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ ला यासाठी मुदती घालून दिल्यात. दुकानदाराला केलेल्या यूपीआय पेमेंटची खात्री झाली नाही तर ५ दिवसांत पैसे आपोआप परत, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले अडकले तर १ दिवसात, आणि त्यानंतर उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे गिऱ्हाइकाला शांतपणे सांगा. आणि तुमच्या बाजूने 'पेमेंट येणे बाकी' असा वेगळा शेरा ठेवा. 'मिळाले' पण नाही, 'नाही मिळाले' पण नाही. रोज रात्री बँकेच्या यादीशी व्यवहार क्रमांकाने जुळवा. साउंडबॉक्सच्या आवाजावर हिशेब ठेवू नका.

मग एक्सेल फेकून द्यायचं का?

नाही. इथे मी सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या बाजूने बोलतोय असं समजू नका.

तुम्ही एकटे आहात, एकच वही किंवा एकच कॉम्प्युटर आहे, तर वही झकास आहे. एका माणसाच्या हातातली एक वही हा जगातला सगळ्यात स्वस्त लॉक आहे. महिन्याला हजार रुपये भरायची काही गरज नाही. त्या पैशात वहीचा फोटो रोज रात्री काढून ठेवायची सवय लावा.

पण ज्या दिवशी दुसरा माणूस लिहायला लागला, मग तो भाऊ असो, बायको असो, पोरगा असो, की दुसऱ्या दुकानातला नोकर असो, त्या दिवशी खेळ बदलला. तेव्हा दोनच रस्ते आहेत. एक तर लिहिणारा एकच ठेवा आणि बाकीच्यांनी त्याला फोन करावा. नाहीतर लॉक आणि कमिट असलेली सिस्टीम घ्या. मधला रस्ता, म्हणजे सगळ्यांना दिसणारी आणि सगळ्यांना लिहिता येणारी शीट, हाच सगळ्यात धोक्याचा. तो मॉडर्न दिसतो म्हणून जास्त धोक्याचा.

काही जण म्हणतात, "सर, आमची घरचीच माणसं आहेत, विश्वास आहे." अहो, विश्वासाचा प्रश्नच नाही. धाकटा भाऊ आणि पुतण्या दोघंही सोन्यासारखी माणसं. विश्वास माणसाच्या नियतीवर असतो. लॉक लागतो तो वेळेच्या घोळावर. उलट लॉक असला की विश्वास टिकतो, कारण संशयाला जागा राहत नाही.

डेमोच्या वेळी हे पाच प्रयोग करा

विकणारा तुम्हाला ग्राफ दाखवेल, रंग दाखवेल. तुम्ही म्हणा, छान आहे, आता मी सांगतो तसं करा.

१. एक वस्तू घ्या, शिल्लक १ ठेवा. दोन मोबाईलवर एकाच वेळी तिचं बिल उघडा आणि दोन्हीकडे सेव्ह दाबा. एकच बिल झालं पाहिजे. दोन्ही झाली, तर चहा पाजा आणि निरोप द्या.

२. चार वस्तूंचं उधारीचं बिल करा आणि सेव्ह दाबताक्षणी कॉम्प्युटरची वायर काढा. चालू केल्यावर बिल, साठा आणि उधारी तिन्ही बघा. एक तर सगळं असावं, नाहीतर काहीच नसावं.

३. इंटरनेट बंद करून बिल करा, मग चालू करा. मधल्या काळात दुसऱ्या मोबाईलवर तीच नोंद बदला. सॉफ्टवेअर काय करतं? विचारतं, की गुपचूप एकाचं पुसतं? गुपचूप पुसणारं नको.

४. सेव्हचं बटण घाईघाईत दोनदा दाबा. एका गिऱ्हाइकाची दोन बिलं झाली तर ते सॉफ्टवेअर दिवाळीच्या गर्दीत तुम्हाला रडवेल.

५. जुनं बिल बदला आणि विचारा, आधी काय होतं, कोणी बदललं, कधी बदललं, हे दिसतं का? कंपनी म्हणून नोंदणी असलेल्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून असा बदलांचा माग ठेवणारं अकाउंटिंग सॉफ्टवेअरच वापरावं लागतं. तुमचं दुकान प्रोप्रायटरी असेल तर सक्ती नाही, पण सवय चांगली आहे.

विक्रेता म्हणेल, "असं कोणी करत नाही हो." त्याला सांगा, लाईट आम्हाला विचारून जात नाही.

शेवटी

त्या मंगल कार्यालयाचं काय झालं? त्यांनी लाल वही परत आणली. बुकिंग फक्त मोठा भाऊ लिहितो. बाकी दोघं फोन करतात, तो "थांब, बघतो" म्हणतो, लिहितो, आणि मगच "दे" म्हणतो. बघणं आणि लिहिणं यांच्या मधे दुसरं कोणी येत नाही. पुढे दुसरा हॉल काढतील तेव्हा सॉफ्टवेअर घेऊ, असं ठरलंय. डेमोला मीही जाणार आहे, आणि वायर मीच काढणार आहे.

मैदानावरच्या मांडवात त्या मुलीचं लग्न लागलं, अक्षता पडल्या, मी हजर होतो. जेवण उत्तम होतं. पण मुलीचे वडील दिवसभर फाटकापाशी उभे होते, पत्रिकेवरच्या पत्त्यावर जाऊन परत आलेल्या पाहुण्यांना वाट दाखवत. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आपल्या हिशेबातला एक चुकलेला रकाना शेवटी असा कोणाच्या तरी दारात उभा राहतो.

तर या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या धंद्यात एकाच गोष्टीवर किती जण लिहितात ते मोजा. साठा, उधारी, तारखा, गाड्या. जिथे आकडा एकपेक्षा जास्त असेल तिथे समोर लिहा, कुलूप आहे की नाही. आणि जिथे 'नाही' येईल, तिथून सोमवारी सकाळी कामाला लागा.

पुढच्या व्हिडिओत उधारीच्या वसुलीवर बोलू. तोपर्यंत नमस्कार!